बंबवाल्यांचा बँड

"नोन्नामावशी, मला शेवटी मरायचं नाहीये," आग्निया दारातूनच म्हणाली.

नोन्ना गेरासिमोव्ना स्वयंपाकघरात उभ्यानेच चहा पीत होती. तिने पोरीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आधी बूट काढ. फरशी आत्ताच पुसलीये. मग मर नाहीतर जग."

पेर्म शहरात फिगर स्केटिंग करणाऱ्या निम्म्या पोरींचं संगीत याच स्वयंपाकघरात कापलं जाई. तासाभराच्या संगीतातून चार मिनिटं काढायची, आणि अशी काढायची की जोड कुठे आहे ते बापजन्मात कुणाला कळू नये. उडीच्या जागी ढोल पडला पाहिजे, गिरकीच्या जागी व्हायोलिन चढलं पाहिजे. नोन्ना आधी रिंकवर पियानो वाजवायची, मग ब्लेडने टेपा कापायला लागली, आता संगणकावर कापते. स्पर्धा असली की काचेच्या खोलीत बसून सगळ्यांचं संगीत लावायचं कामही तिच्याचकडे. वय एकोणसाठ, पण पायाला भिंगरी. खुर्चीत बसली तर ती कामासाठीच, एरवी जेवणसुद्धा ओट्यापाशी.

आग्निया व्यात्किना सतरा वर्षांची. तिची आई पावाच्या कारखान्यात, रात्रपाळीच्या भट्टीवर. पोरगी उडीला हलकी, जिभेला तिखट, आणि त्या ऑक्टोबरात तोंड पाडून बसलेली. कझानच्या स्पर्धेत ती नववी आली होती.

"नववी आलीस ती दोनदा पडलीस म्हणून," नोन्ना म्हणाली. "संगीताचा काय दोष?"

"मला ते ऐकूच येत नाही. मी नुसती आकडे मोजते. एक-दोन-तीन, रड. एक-दोन-तीन, उडी. एक-दोन-तीन, बर्फावर आडवी हो." तिने बटाटा भरलेली शांगी उचलली, बघितली आणि परत ठेवली. "आणि तो झगा! त्या सोन्याच्या बटणांत मी हॉटेलच्या दारवानासारखी दिसते. आईच्या कारखान्यातल्या बायका म्हणाल्या, पोरी, सामान कितव्या मजल्यावर न्यायचं?"

नोन्नाला हसू आलं, पण तिने ते गिळलं. मुलीचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या वर्षी साथच आली होती. काळपट झगा, रडकं व्हायोलिन, आणि शेवटी बर्फावर लोळण. कझानला चौदापैकी नऊ पोरी मेल्या होत्या, आणि त्या नवांपैकी सहा जणींचं मरण नोन्नानेच कापून दिलं होतं.

"मग तुला हवंय तरी काय?"

आग्नियाने फोन टेबलावर ठेवला. उन्हाळ्यात कामा नदीच्या काठावर, बागेत कुणीतरी घेतलेलं चित्रण होतं. वारा सूं सूं करत होता, एक पोर भोकाड पसरत होतं, आणि त्या सगळ्याच्या मागे पितळी वाद्यांचा बँड एक धून वाजवत होता. धून अशी, की ऐकणाऱ्याची टाच आपोआप हलावी.

"हे तर आपले बंबवाले," नोन्ना म्हणाली. अग्निशमन दलाचा बँड शहरात सगळ्यांना ठाऊक होता. शाळेच्या पहिल्या दिवसापासून ते अंत्ययात्रेपर्यंत सगळीकडे तेच.

"हो. यावर मला हसत हसत उड्या मारता येतील."

"वेडी आहेस. पंच हसतील."

"हसू देत ना! नऊ मयती बघून बिचारे कंटाळले असतील."

"आणि तुझी कोच? इंगाला विचारलंस?"

आग्नियाचा चेहरा उतरला. "ऑगस्टमध्ये विचारलं. सप्टेंबरमध्येही विचारलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी आल्यावर काय बोलायचं माणसाने?"

नोन्नाने खिडकी उघडली, लगेच बंद केली. "हे बघ, इंगा माझी पस्तीस-चाळीस वर्षांची मैत्रीण आहे. तिच्या पाठीमागे मी काही करणार नाही. ऊठ, घरी जा. शांगी घेऊन जा चार."

पोरगी गेली. पण जाताना ते चित्रण नोन्नाच्या फोनवर पाठवून गेली.

इंगा पेत्रोव्नाचं संगीत साधं नव्हतं. एका जुन्या युद्धपटातलं ते. त्यात एक परिचारिका जखमी सैनिकांना वाचवते आणि शेवटी बर्फात एकटी मरते. सत्त्याऐंशी साली, अठरा वर्षांच्या इंगाने त्याच संगीतावर कार्यक्रम बसवला होता. टेप नोन्नाने कापली होती, दोघींनी मिळून, हिटरपाशी बसून, बोटं चिकटपट्टीने चिकट झालेली. स्पर्धेला दहा दिवस उरले असताना इंगाचा गुडघा गेला. तो कार्यक्रम लोकांसमोर कधी झालाच नाही. पुढे इंगा कोच झाली, पंचवीस पोरी हाताखालून गेल्या, पण ते संगीत तिने कुणाला दिलं नाही. दिलं ते आग्नियाला. म्हणजे ते बक्षीसच होतं. आणि जिला दिलं तिला ते बोचत होतं.

आता यात आपण पडू नये, हे नोन्नाला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि हात आवरणं वेगळं. दोन दिवस ती दुसऱ्या एका पोरीचं संगीत कापायला बसली आणि दोन्ही दिवस टाचेने बंबवाल्यांची धून धरली. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, ती ध्वनिमुद्रणाचं यंत्र पिशवीत घालून अग्निशमन केंद्रावर पोचली. नुसतं बघायला, असं तिने स्वतःला सांगितलं.

बंबांच्या मागच्या खोलीत अकरा जण वाद्यं पुसत बसले होते. बँडचा म्होरक्या येव्सेय नावाचा, मिशा पिकलेला, ट्यूबा म्हणजे तो मोठ्ठा पितळी कर्णा मांडीवर घेऊन बसलेला. नोन्नाने काय हवंय ते सांगितलं तसा तो म्हणाला, "बर्फावर? आमच्या धुनेवर पोरगी नाचणार? ए, ऐका रे, पाठ ताठ करा. टीव्हीवर जातोय आपण."

"कुठेही जात नाहीये," नोन्ना घाईने म्हणाली. "मी नुसतं करून बघतेय."

ते वाजवायला लागले. निम्मी धून झाली असेल नसेल, तोच भिंतीवरची घंटा कर्कश वाजली. नऊ जणांनी वाद्यं जागच्या जागी टाकली आणि धूम ठोकली. बाहेर बंब सुरू झाला, दार धडधडलं. खोलीत उरले येव्सेय आणि एक म्हातारा ढोलवाला, दोघेही निवृत्त, बंबावर चढायचं वय गेलेलं. पण येव्सेय थांबला नाही. त्याने डोळे मिटून ट्यूबावर तीच धून पुढे नेली, संथ, जाडजूड आवाजात, जसा एखादा धिप्पाड माणूस झोपलेल्या लेकरासाठी गुणगुणतो. ढोलवाला बोटांनीच ठेका धरून होता.

नोन्ना श्वास रोखून उभी राहिली. यंत्र चालू होतं.

तासाभराने नऊ जण परत आले. कुणाच्या तरी बाल्कनीत जुना सोफा पेटला होता. धुराचा वास घेऊनच ते बसले आणि उरलेलं असं दणक्यात वाजवलं की तावदानं थरथरली. निघताना येव्सेयने विचारलं, "पोरीचं नाव काय?" नोन्नाने सांगितलं आणि बाहेर पडल्यावर जीभ चावली. नुसतं बघायला आलेलं माणूस नाव कशाला सांगेल?

चार दिवसांत संगीत तयार झालं. चार मिनिटं सात सेकंद. आधी सगळा बँड, मधे तो एकटा ट्यूबा, जिथे आग्निया एक पाय मागे उंच धरून अख्ख्या बर्फाला लांब वळसा घालायची, आणि मग सगळे दणदणत परत. उड्या जिथल्या तिथे बसल्या होत्या. नोन्नाने इतकं चांगलं काम कित्येक वर्षांत केलं नव्हतं. ते तिला ठाऊक होतं, आणि तेच नडलं. चांगलं काम डब्यात झाकून ठेवायला कुणाला जमतं? तिने ते आग्नियाला पाठवलं. सोबत लिहिलं, 'फक्त ऐकायला.'

पोरीने लगेच उत्तर धाडलं. नुसत्या उड्या मारणाऱ्या सशांची ओळ.

नोव्हेंबरात पेर्मचीच स्पर्धा होती. तीन आठवडे उरले असताना नोन्ना झुल्फियाकडे गेली. झुल्फिया राशिदोव्ना नाट्यगृहात पोशाख शिवायची आणि घरी स्केटिंगच्या पोरींचे झगे. तोंडात टाचण्या धरून ती आग्नियाच्या दारवानी झग्याची बाही आखूड करत होती.

"तुला सांगते, कापड चांगलंय," ती टाचण्यांतून बोलली. "रंगही चांगला. फक्त या पोरीचा नाही. इंगाच्या अंगावर शोभला असता. तिने माप देताना दोनदा खांदे स्वतःचे सांगितले, कळलं का? मी म्हटलं, इंगा, पोरीचे खांदे अरुंद आहेत. तर म्हणते, हो हो, पोरीचेच घे."

मग नोन्नाने तिला ते संगीत ऐकवलं. झुल्फियाने एकेक करून सगळ्या टाचण्या तोंडातून काढल्या.

"इंगाला माहितीये?"

"नाही अजून."

"अजून म्हणजे? कधी सांगणार, पोरगी बर्फावर गेल्यावर?"

"सांगते गं. योग्य वेळ बघून."

"योग्य वेळ तू कापायला बसायच्या आधी होती." झुल्फियाने झगा झटकला. "मला या भानगडीत ओढू नकोस. तुझं संगीत आवडलं नाही तर पुसता येतं. मी कात्री लावली की लागली. हा झगा इंगाने सांगितला तसाच जाणार. पण..." ती थांबली. "तो पोटातला जाड ट्यूबा काय सुंदर वाजतो गं. परत लाव."

त्यानंतर नोन्नाने तीनदा प्रयत्न केला. एकदा इंगाला फोन लावला आणि ती उचलायच्या आत ठेवला. एकदा रिंकच्या दारात गाठलं, तर इंगा दोन पोरींच्या आयांच्या भांडणात अडकलेली. तिसऱ्यांदा दोघी कँटीनमध्ये बसल्या. समोर गरम पोसिकुंचिकी, चावलं की रस उडणारे ते खिम्याचे कानवले, मोहरीच्या वाटीसकट. इंगा खूश होती.

"काल पोरगी छान चालली," ती म्हणाली. "पहिल्यांदा वाटलं की तिला समजतंय. तोंडावर एक वेगळाच भाव होता."

नोन्नाला माहीत होतं तो भाव कुठून आला होता. पोरगी मनातल्या मनात बंबवाले ऐकत होती.

"इंगा, मला तुला एक..."

"मी ठरवलंय," इंगा आपल्याच तंद्रीत. "या पोरीनंतर ते संगीत कुणाला नाही. माणसाने एकदा तरी आपली गोष्ट पुरी झालेली बघावी. मग बास." तिने नोन्नाचा हात दाबला. "तुझे आभार मानायचे राहिले. ती टेप तू इतकी वर्षं जपलीस."

नोन्नाने कानवला चावला. रस ब्लाउजवर उडाला. ती पुसायला म्हणून उठली आणि त्या दिवशी परत त्या टेबलाशी आलीच नाही.

स्पर्धेच्या आठवड्यात थंडी उणे चौदावर गेली. छोट्या कार्यक्रमात आग्निया पाचवी आली. दुसऱ्या दिवशी चार मिनिटांचा मोठा कार्यक्रम. दुपारपासून प्रेक्षागृह भरलं. वरच्या कोपऱ्यात पावाच्या कारखान्यातल्या पंधरा-वीस बायका पांढरे रुमाल बांधून आल्या होत्या. हातात चादरीएवढा फलक, 'आग्निया, आमची पोर'. बर्फावर फेकायला त्यांनी कापडी पाव शिवून आणले होते. त्यांच्यातल्या एकीचा आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा होता. ती कुणाच्याही पोरीसाठी ओरडत होती, "दवाय, लेकी, दवाय! चल, ऊठ! काही नाही झालं, ऊठ!"

नोन्ना काचेच्या खोलीत. समोर पडद्यावर सगळ्यांची नावं क्रमाने. आग्नियाच्या नावासमोर इंगाचं संगीत. त्याच्या खालच्या ओळीत, नाव न देता, दुसरं. सकाळपासून तिने ते तीनदा काढून टाकलं होतं आणि चारदा घातलं होतं.

मधल्या वेळात बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र फिरायला लागलं, तेव्हा दारावर टकटक झाली. आग्निया. झग्यावर जाकीट, पायात स्केटचे बूट, चेहरा कागदासारखा.

"मावशी, दुसरं लावा."

"तू आधी इंगाला सांग."

"दोनदा सांगितलंय. तिसऱ्यांदा सांगितलं तर मी रडेन आणि मग उडी कुठली मारणार?" तिने जाकिटाची साखळी वर ओढली. "मी तेच करणार आहे. तुम्ही काहीही लावा, मी तेच करणार. डोक्यात तेच वाजतंय, मी काय करू?"

ती गेली. तिने खोलीला कुलूप लावलं आणि जिन्याने खाली धावली. या वयात, तीन मजले. इंगा कठड्यापाशी उभी होती, हातात पोरीची पाण्याची बाटली.

नोन्नाने सगळं सांगितलं. धापा टाकत, मधलं आधी आणि आधीचं नंतर. बँड, ट्यूबा, सोफा पेटल्याची हकीकतसुद्धा.

बर्फावर यंत्राचा घरघराट चालू होता.

"कधीपासून?"

"पाच आठवडे."

"झुल्फियाला माहितीये?"

"हो."

"म्हणजे मला सोडून सगळ्यांना." तिने बाटलीचं झाकण फिरवलं, पुन्हा फिरवलं. "कँटीनमध्ये मी तुझे आभार मानत होते तेव्हाही?"

"हो."

"माझं लाव, नोन्ना."

"इंगा, पोरगी म्हणते..."

"तू माझी मैत्रीण आहेस की नाही? माझं लाव." आणि तिने पाठ फिरवली.

परत वर चढताना नोन्नाला प्रत्येक पायरीवर वाटत होतं की इंगाचंच बरोबर आहे. कोच ती आहे. संगीत तिचं, झगा तिचा, पोरगी घडवली तिने. खुर्चीत बसली तोवर तिने ठरवून टाकलं होतं. इंगाचं लावायचं. आपण कोण?

तीन पोरी होऊन गेल्या. एक मेली, एक वेडी झाली, एक हंस झाली. मग निवेदकाने नाव पुकारलं आणि वरच्या कोपऱ्यात भोंगा वाजला. "आग्नियाऽऽ! दवाऽऽय!"

आग्निया बर्फाच्या मध्यावर गेली. इंगाच्या कार्यक्रमाची सुरुवात गुडघ्यावर बसून व्हायची, मान खाली, हात जखमी सैनिकावर ठेवल्यासारखे. पोरगी बसली नाही. टाचा जुळवून ताठ उभी राहिली, एक हात कपाळाशी सलामीला, दुसरा कमरेवर, बँडच्या म्होरक्यासारखी. आणि त्या दारवानी झग्यात ती एकदम शोभली. सोन्याच्या बटणांसकट. लोकांमध्ये खसखस पिकली.

नोन्नाचं बोट इंगाच्या ओळीवर होतं. आता ते रडकं व्हायोलिन सुरू झालं असतं तर चार हजार माणसांसमोर त्या पोरीची फजिती झाली असती. आणि नाही झालं तर? कठड्यापाशी इंगाची पाठ दिसत होती. तिने एकदाही वर बघितलं नाही.

मुख्य पंचांनी खूण केली. एक सेकंद गेला. दुसरा गेला.

नोन्नाने खालची ओळ दाबली.

पहिल्या पितळी फुंकरीबरोबर अख्खं प्रेक्षागृह दचकलं, आणि मग कुणीतरी ओरडलं, "अरे, आपले बंबवाले!" हशा उसळला. आग्निया निघाली. पहिली तिहेरी उडी स्वच्छ. दुसरी उतरताना डगमगली, तिने त्या डगमगीचीच गंमत केली, खांदे उडवले आणि पुढे गेली. टाळ्यांनी ठेका धरला. मग ट्यूबा एकटा उरला आणि ती एका पायावर, दुसरा पाय मागे उंच धरून, रिंकच्या कडेकडेने लांब, शांत वळण घेत आली. लोक गप्प झाले. नोन्ना खुर्चीतून कधी उठली ते तिलाच कळलं नाही. शेजारच्या पंचसाहाय्यकाने तिची बाही ओढली, "खाली बसा बाई, मागच्यांना दिसत नाहीये."

बँड परत आला तेव्हा आग्निया पडली. चांगलीच पडली, कुशीवर, पाच हात घसरत. भोंगा ओरडला, "ऊठ लेकी!" आणि ती उठली, पण एक उडी हुकली आणि तिहेरीच्या जागी एकेरीच झाली. शेवटी ती मेली नाही. सलाम ठोकून उभी राहिली, धापा टाकत, तोंडभर हसत. कापडी पावांचा पाऊस पडला.

गुण ऐकायच्या बाकावर ती एकटीच बसली. शेजारची जागा कोचची. इंगा कठड्यापाशीच होती, पोरीच्या जाकिटाची घडी घालत, मोडत, परत घालत. एकूण सातवी. पोरीने वर बघून हात हलवला, हसायचा प्रयत्न केला, आणि मग जाकीट नसल्यामुळे की कशामुळे कोण जाणे, तिचे दात वाजायला लागले. इंगाने ते बघितलं. तिथवर गेली, जाकीट तिच्या खांद्यांवर टाकलं आणि निघून गेली.

त्या दिवशी सगळं आवरल्यावर इंगा काचेच्या खोलीत आली. हात पुढे केला. "माझी टेप."

"घरी आहे."

"उद्या आणून दे."

दुसऱ्या दिवशी नोन्ना ती जुनी टेप घेऊन गेली. इंगाने दार उघडलं, टेप घेतली, दार लावलं. साखळीसुद्धा काढली नव्हती.

आठवड्याने आयोजकांचं पत्र आलं. कोचच्या सूचनेविरुद्ध संगीत लावल्याबद्दल उरलेल्या मोसमात नोन्नाला काचेच्या खोलीत जागा नाही. त्याचं तिला वाईट वाटलं, पण धक्का बसला नाही. धक्का बसला तो झुल्फियाने आणलेल्या बातमीचा. इंगाने आग्नियाला काढलं नव्हतं. उलट बंबवाल्यांचाच कार्यक्रम चालू ठेवला होता. नवा झगा शिवायला टाकला होता, मोहरीसारखा पिवळा. कापड स्वतः निवडलं आणि माप घेताना म्हणाली, खांदे नीट मोज, पोरीचे अरुंद आहेत.

"मग माझ्याशी का बोलत नाही ती?" नोन्नाने विचारलं.

"पोरीने तिला दोनदा तोंडावर सांगितलं होतं," झुल्फिया म्हणाली. "तू नाही सांगितलंस."

हिवाळा लांबला. नोन्ना घरात येरझारा घालायची. कामं येत, ती कापून देई, पण रिंकच्या रस्त्याने जाणारी ट्राम टाळून दोन थांबे पायी जाई. तीनदा पत्र लिहिलं, तीनदा फाडलं. येव्सेयचा फोन आला की बँडमधले सगळे विचारतायत, पोरगी पुन्हा कधी नाचणार, तर तिने विषय बदलला.

फेब्रुवारीत सारान्स्कची स्पर्धा होती. नोन्नाने ती स्वयंपाकघरात संगणकावर लावली. आग्निया पिवळ्या झग्यात आली. छान दिसत होती. उड्यांचा क्रम बदलला होता, आणि त्यासाठी दुसऱ्या कुणीतरी संगीत नव्याने जोडलं होतं. ट्यूबा संपून बँड परत येतो तिथे आवाजात चक्क खड्डा होता. भिंतीतली वीट काढल्यासारखा. पोरगी त्या खड्ड्यात अर्धा ठोका अडखळली. नोन्ना किंचाळली. शेजारणीने भिंतीवर ठोकलं.

आग्निया सहावी आली. नोन्नाने ते ऐकलंसुद्धा नाही. तिने फोन उचलला, नंबर दाबला, आणि या वेळी ठेवला नाही.

"हं," पलीकडून इंगा म्हणाली. मागे सारान्स्कच्या प्रेक्षागृहाचा गोंगाट.

"कुऱ्हाडीने कापलंय ते," नोन्ना म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "कुणी कापलं? सरळ कुऱ्हाडीने कापलंय!"

"कळतंय मला," इंगा म्हणाली. "मला काय कान नाहीत? आम्ही मंगळवारी पोचतो. बुधवारी सकाळी सातला ये. मूळ ध्वनिमुद्रण आण."

"इंगा, मला तुला सांगायचंय की त्या वेळी..."

"नको सांगूस. काही सांगू नकोस. मी अजून रागावलेय आणि किती दिवस रागावेन ते मला माहीत नाही. काम कर फक्त."

बुधवारी नोन्ना साडेसहालाच पोचली. रिंक रिकामा होता. निम्मेच दिवे लागलेले. ती कठड्याजवळच्या बाकावर संगणक मांडीवर घेऊन बसली, उठली, परत बसली. सातला इंगा आली, थर्मास घेऊन. शेजारी बसली, पण मध्ये हातभर जागा सोडून. आग्निया बर्फावर गरम होण्यासाठी चकरा मारत होती. तिने नोन्नाला बघितलं आणि लांबूनच कडक सलाम ठोकला. इंगाने भुवया उंचावल्या.

दोघींनी काम सुरू केलं. "इथून?" "नाही, त्याच्या आधी. ढोलवाल्याची बोटं संपू देत." "मग चार मिनिटं अकरा होतात. दहाच्या वर चालत नाही." "सुरुवातीचा एक ठोका काढ." "तो काढला तर सलाम कधी करणार?" "सलाम आखूड करेल." इतकंच बोलणं, पण ते भराभर होत होतं, एकमेकींचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

इंगाने थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि घोटभर प्यायली. नोन्नाला विचारलं नाही. नोन्नाची बोटं थंडीने आखडली होती. तिने पडद्यावरून नजर न हलवता हात लांब केला, इंगाच्या हातातून झाकण घेतलं आणि उरलेला चहा पिऊन टाकला. इंगाने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग झाकण परत घेतलं आणि पुन्हा भरलं.

"काय करताय दोघी तिकडे?" बर्फाच्या मध्यावरून आग्निया ओरडली. "लावताय का मी घरी जाऊ?"